बेंबी नसलेली आयाबाई

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या आयाबाईला बेंबी नव्हती. जन्मली तेव्हा तिची आतडी पोटाबाहेर होती. ऑपरेशनने ती आत गेली, बेंबी मात्र कायमची गेली. पुढे लग्नाचा विषय निघाला की ती फडकं घेऊन फरशी पुसायला लागायची.

एकदा तशाच बाळाची आई काचेपाशी मुसमुसत होती. आयाबाईने तिला आडोशाला नेलं, गणवेशाचा सदरा वर केला आणि तिचा हात आपल्या व्रणावर ठेवला.

"बघ पोरी, पन्नाशी ओलांडली मी. फक्त बेंबीच्या देठापासून ओरडता येत नाही, एवढंच."

पोरगी रडता रडता हसली, हात काढून घेत बाळाकडे धावली.

आयाबाई सदरा खाली करायचा विसरून तशीच उभी राहिली. आई आणि डॉक्टर सोडले, तर त्या पोटाला आजवर कुणाचा हात लागला नव्हता.