मुंगी मेली

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी नंबर यायची वाट बघत बसले होते. समोर एक चिमुरडी धावता धावता आपटली. ती भोकाड पसरणार, तोच तिची आई म्हणाली, "अगं बाई, मुंगी मेली! बघ बघ, कुठंय?" पोरगी रडायचं विसरली आणि फरशीवर मुंगी शोधू लागली.

मला आमच्या घरापुढची मुरमाची वाट आठवली. तिथं मी पडले की माझी आईही हेच म्हणायची. मुंगी कधीच सापडली नाही, पण शोधता शोधता ठणका कुठल्या कुठे जायचा.

इथले डॉक्टर गेला आठवडाभर मला हेच समजावताहेत. दुखणं गुडघ्यात असतं तितकंच मेंदूतही असतं, आणि घाबरून त्याच्याकडेच बघत बसलं की ते वाढतं. आईला हे कुणी न शिकवता कळलं होतं.

म्हातारपणी तिची कंबर धरली. मी रोज सकाळी काळजीनं विचारायचे, "आई, आज जास्त दुखतंय का गं?" तोवर ती तुळशीला पाणी घालत असायची. मग तांब्या खाली ठेवून कंबर चाचपायची आणि म्हणायची, "हो गं, दुखतंय."

मुंगी मेली, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.