इटाग्वाची जाळी

माझी बायको उभ्या आयुष्यात अहमदपूरच्या पलीकडं फारशी गेली न्हाई, पण शेवटच्या वर्षी तिच्या तोंडात एकच गाव, इटाग्वा. पॅराग्वे नावाच्या देशात हाय म्हणे. सुनेच्या मोबाइलवर तिनं तिथल्या बाया पाहिल्या, दारात खुर्च्या टाकून सुईनं जाळी विणणाऱ्या. "आपल्यावानीच बसल्यात बघा," म्हणाली. तिथं त्या विणकामाला कोळ्याचं जाळंच म्हणतात, हे सुनेनं वाचून सांगितलं.

मी म्हणालो, "म्हंजे घरातली जळमटं मी काढायची अन् तू नवी करायची?"

"तुम्ही कधी झाडू धरलाय?"



जुन्या चाळणीच्या कड्यावर माझ्या धोतराचं कापड ताणून तिनं काम धरलं. मधून धागे सोडायचे, चाकाच्या आऱ्यांगत, मग सुईनं त्यात फुलं भरायची. शेवटी खळ लावून वाळवायचं अन् मागचं कापड कातरून टाकायचं. हातात नुसती जाळी उरते. विणून झालं, खळही वाळली, अन् कातरायच्या आधीच ती गेली.

चार महिने ते कडं खुंटीला होतं. सून म्हणाली, "मामा, कापडासकट काचंत बसवू. कातरताना धागे तुटले तर सगळं उसवंल, अन् आत्याबाईंच्या हातचं हे एवढंच उरलंय."

तिचं खोटं नव्हतं. पण अर्धं काम टांगून ठेवलेलं बायकोला खपत नसे. मी बांध अर्धा घातला तरी आठ दिवस बोलायची.

एका दुपारी ओसरीवर बसलो. चष्मा लावला, सुनेची बारीक कात्री घेतली. सून समोर बसली, पण बघायचं टाळत होती. माझी बोटं नांगराची. कापड कणाकणानं काढलं. फुलं मोकळी होत गेली तशी दिसत गेली, लई देखणी. बायकोला हे तोंडावर कधी सांगितलं न्हाई. माझीच चूक.

अगदी कडेला एक धागा तुटला.

"द्या मामा, मी सांधते."

"ऱ्हाऊ दे." मी धाग्याचं टोक दातात धरलं अन् गाठ मारली.

सुनेनं वाकून पाहिलं. "मामा, बैल बांधलाय का?"

"मग? सुटला का?"

जाळी उजेडाला धरली. गाठ हरभऱ्याएवढी दिसत होती. बाकी सगळं बायकोनं विणलं तसं होतं.