आमच्या अपर्णाची तपासणी

सासूने सुनेचं कौतुक करू नये म्हणतात. मी करणार! अपर्णा माझी सून, आणि तिच्यासारखी खमकी बाई अख्ख्या शाहपुऱ्यात शोधून सापडायची नाही.

तिची संस्था इथल्या हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते. त्याने वर्गात काही फरक पडला का, हे तपासायचं काम अपर्णाकडे. प्रशिक्षण संपलं तेव्हा सगळ्या शिक्षकांनी ‘बहुत बढ़िया’ असं लिहून दिलं होतं. संस्थेचे प्रमुख सुधाकरराव एकदम खूश. आमची बाई म्हणाली, "जेवण चांगलं होतं हो, म्हणून लिहिलंय. मी वर्गात जाऊन बघते."

सोनागिरीच्या एका शाळेत तिच्यासमोर झकास धडा झाला. वजाबाकी शिकवायला संस्थेने दिलेल्या लाकडी काड्या, दहा-दहाच्या जुड्या, मॅडमनी टेबलावर मांडल्या. पोरं खडाखडा उत्तरं देत होती. अपर्णा एका मुलीला म्हणाली, "तू करके दिखा, बेटा." ती मुलगी टेबलापाशी आली आणि मॅडमकडे बघून विचारते कशी, "हाथ लगाऊँ?"

तिथेच सगळं कळलं. काड्या वर्षभर कपाटात कुलूपबंद! सरकारी सामानाच्या नोंदवहीत चढवलेल्या, एक जरी हरवली तरी जाब मॅडमना. म्हणून साहेबलोक आले की तेवढ्यापुरत्या बाहेर. दुसऱ्या शाळांतही तीच गत. शिक्षकांना शिकवलेलं सगळं येत होतं, पण पोरांच्या हातापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

अपर्णाने अहवालात हेच लिहिलं. वर सुचवलं, की काड्या खडूसारख्या वापरून संपवायच्या वस्तू धरा, तुटल्या-हरवल्या तरी जाब विचारू नका. सुधाकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. देणगीदारांनी हे वाचलं तर कार्यक्रम बंद, आणि अपर्णाची नोकरीही गेली. ती ऐकेना, तेव्हा स्वारी थेट आमच्या घरी. "काकू, तुम्ही तरी समजवा तिला. दोन वाक्यं गाळायची फक्त."

मी म्हटलं, "पोहे घ्या. समजवायचं म्हणाल तर ते मला जमायचं नाही. तिचं खरं आहे."

ते गेले तर ही आतल्या खोलीत रडत बसलेली. "आई, नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली! खोटं लिहून टिकवलेली नोकरी काय चाटायचीये?" म्हटलं खरं, पण रात्री मीही घरखर्चाची वही काढून बसले.

अहवाल होता तसाच देणगीदारांकडे गेला. उत्तर येईपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. मग कळलं, कार्यक्रम चालू राहणार, पण अपर्णाने सुचवलं त्या पद्धतीने, आणि पुढची तपासणीही तिनेच करायची. बाप्पा, मी कॉलनीभर पेढे वाटले! अभिमान वाटला तर वाटला, लपवायचा कशाला?

परवा आम्ही दोघी जवाहर चौकात भाजी घेत होतो, तर सोनागिरीच्या त्या मॅडम समोर. चेहरा पार उतरलेला. भीतभीत म्हणाल्या, "मॅडम, बच्चों ने आधी तीलियाँ तोड़ डालीं." निम्म्या काड्यांचा चुरा!

"तोड़ डालीं? सच में?" म्हणत अपर्णाने भर बाजारात त्यांना मिठीच मारली.