सुनेच्या हातचे बूट

लोणावळ्याच्या भांगरवाडीत एका गल्लीच्या तोंडाशी महिपती केदारी यांचं दुकान आहे. ट्रेकिंगच्या बुटांना तिथं नवे सोल बसवून मिळतात. शनिवारी सकाळी गिऱ्हाईक येतं, काउंटरवर बसलेल्या महिपतींना नमस्कार करतं आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारतं, "ताई आहेत का?"

ताई म्हणजे स्नेहल, महिपतींची सून. ती आत शिलाईला बसलेली असते. महिपती "हाय की" म्हणतात आणि बूट घ्यायला हात पुढे करतात. गिऱ्हाईक बूट सोडत नाही. क्षणभर एक बूट दोघांच्या हातात राहतो.

महिपतींना सून आवडत नाही असं नाही. तिच्या हातचं ते मुकाट जेवतात, तिच्या मुलीला सकाळी शाळेत सोडतात. तिचं काम लोकांना आवडतं, हे मात्र त्यांना आवडत नाही, आणि ते लपवणं त्यांना कधी जमलं नाही.

महिपती मूळचे लोणावळ्याजवळच्या औंढे गावचे. घरी भातशेती, वाटेकरी भाऊ पुष्कळ. तरुणपणीच ते तळेगावच्या बाजूला सेफ्टी शूज बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. पायावर लोखंड पडलं तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून नाकात पोलादी वाटी बसवलेले ते जड बूट. महिपती लास्टिंग विभागात होते. बुटाचा वरचा भाग, म्हणजे अपर, पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणायचा आणि त्याच्या कडा खालून आतल्या तळव्याला चिकटवायच्या, हे तिथलं काम. साच्याला फर्मा म्हणतात. ओढ जास्त झाली तर शिवण उसवते, कमी पडली तर नाकावर सुरकुती राहते. पुढं यंत्रं आली, तरी यंत्रानं बिघडवलेला बूट महिपतींच्या पकडीखाली यायचा. निदान ते तसं सांगतात.

कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि महिपती घरी बसले. दुकान काढायचं ठरलं तेव्हा औंढ्यात त्यांच्या चुलत्यानं चारचौघांत विचारलं होतं, की आता केदाऱ्यांनी लोकांच्या चपला शिवायच्या का? महिपतींनी पाटी रंगवून घेतली, 'केदारी शू रिसोलिंग'. चप्पल दुरुस्तीला आली तर ते ती आजही घेत नाहीत, स्टेशनजवळ बसणाऱ्या बाजीरावांकडे पाठवतात. बाजीरावांच्या घरात हे काम पिढ्यांचं. आरीनं भोक पाडून हातानं सोल शिवायला महिपती त्यांच्याकडेच शिकले, पण हे ते सहसा सांगत नाहीत.

स्नेहल आंदर मावळातली. बारावीनंतर तिनं शिवणाचा कोर्स केला होता आणि लग्नानंतर घरी ब्लाउज शिवायची. महिपतींचा मुलगा माऊली एका रिसॉर्टमध्ये नोकरीला, त्याला दुकानात रस नव्हता. महिपतींचा उजवा खांदा आखडला, बूट दाबून धरणं होईना, तेव्हा त्यांच्या पत्नी झुंबरबाई म्हणाल्या, "ती ब्लाउजला अस्तर लावती. तुमच्या बुटाला सोल लावंल."

महिपतींनी तिला काम शिकवलं. जुना सोल गरम हवेनं सैल करून सोडवायचा, खालचा भाग घासून खरखरीत करायचा, प्रायमर लावायचा, मग चिकटवायच्या सोल्यूशनचे दोन हात. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की पुन्हा गरम करून सोल दाबायचा. शेवटी कडेनं शिलाई. हे सगळं ती पावसाळा संपायच्या आत शिकली. शिलाईत तर तिनं सासऱ्यांना मागं टाकलं. तिचे टाके यंत्राच्या टाक्यांसारखे सारखे पडत आणि वळणावरही ओळ सरकत नसे. शिवाय ती गिऱ्हाइकाला विचारायची, कुठं घासतं, उतरताना अंगठा पुढं आपटतो का. काम चालू असताना फोटो काढून पाठवायची. हळूहळू लोकांच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर म्हणून तिचाच नंबर राहिला.

महिपतींचे दिवस वाईट जाऊ लागले. तिनं शिवलेला बूट ते उजेडात धरून बघत आणि काही न बोलता ठेवत. चामडं कापायची, चांगली धार असलेली रापी त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहू लागली. गिऱ्हाईक शिलाईचं कौतुक करायला लागलं, की ते म्हणत, "शिलाई दिसती वो. चिकटवणं दिसत न्हाई." झुंबरबाईंनी एकदा जेवताना विचारलं, की सुनेचं नाव निघालं की तुमचा घास का अडकतो? महिपतींनी आमटीत मीठ जास्त असल्याचं सांगितलं. आमटी झुंबरबाईंनीच केली होती.

एक गोष्ट महिपतींनी तिला शिकवली नव्हती. सुरुवातीला राहून गेली होती, नंतर त्यांनी ती राहू दिली.

दुकानात बूट आला की महिपती टाचेच्या बाजूनं, सोलच्या जरा वर, अंगठा रोवून दाबतात. तळाचं रबर आणि पाय यांच्यामध्ये फोमचा एक जाड थर असतो. ट्रेकिंगच्या पुष्कळ बुटांत तो अशा फोमचा असतो, जो हवेतला ओलावा घेतो आणि आतून कुजतो. लोणावळ्याच्या हवेत तर लवकरच कुजतो. रोज वापरलेल्या बुटापेक्षा जपून खोक्यात ठेवलेला बूट आधी जातो, हे लोकांना खरं वाटत नाही. वरून तो नव्यासारखाच दिसतो. चांगला फोम अंगठा उचलताच वर येतो. कुजलेल्या फोममध्ये खळगा तसाच राहतो, भोवती बारीक चिरा दिसतात. मग तो थर पूर्ण काढून नवा घालावा लागतो. कुजक्या थरावरच नवा सोल चिकटवला, तर सोल्यूशन कितीही चांगलं असो, शिलाई कितीही पक्की असो, चार पावलांत फोमच फाटतो.

स्नेहलनं सासऱ्यांचा अंगठा रोज बघितला होता. जुना सोल किती घट्ट आहे ते बघत असतील, असं तिला वाटलं. मग तीही दाबू लागली. बूट घ्यायची, अंगठा रोवायची, लगेच उचलायची आणि म्हणायची, "ठीक आहे." गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. पहिल्यांदा महिपतींनी ते पाहिलं तेव्हा ते सांगणार होते, पण समोर गिऱ्हाईक होतं. "मग म्हनलं, बगू," असं ते आता सांगतात. कुजलेला बूट आला तर तो ते गुपचूप आपल्या बाजूला ओढून घेत, त्यामुळे बराच काळ काही घडलं नाही.

मग इरावती आल्या. त्या तळेगावात शिक्षिका आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गडांवर जाणारा एक मोठा ग्रुप चालवतात. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचे बूट दोन वर्षं खोक्यात होते. तळाचं रबर आधीच झिजलेलं होतं, ते बदलायचं होतं. काउंटर ओलांडून त्यांनी बूट थेट स्नेहलच्या हातात दिले. हे चांगले झाले तर सगळ्या ग्रुपचे बूट ताईंकडेच देऊ, असं त्या म्हणाल्या. महिपती तिथंच बसलेले होते. स्नेहलनं अंगठा दाबला आणि "ठीक आहे" म्हणाली.

दुपारी ती मुलीला आणायला शाळेत गेली. महिपतींनी फळीवरचा इरावतींचा एक बूट उचलला आणि दाबला. खळगा राहिला. ते त्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बूट फळीवर होता तसा ठेवला, नाक त्याच दिशेला करून.

कुणाला लागेल, हा विचार आला होता का? आला होता, असं ते म्हणतात. वाट सोपी असेल असं वाटलं, असंही म्हणतात.

स्नेहलनं ते बूट मन लावून केले. शिलाई झाल्यावर महिपतींनी बूट हातात घेतला आणि म्हणाले, "बरी झाली." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच असं म्हणाले होते. संध्याकाळी तिनं हे झुंबरबाईंना सांगितलं. झुंबरबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात इरावती विसापूर गडावरून उतरत असताना उजव्या बुटाचा सोल सुटला. त्या दगडांवर घसरल्या, कोपर सोलवटलं, मनगट मुरगळलं. ओढणीनं बूट बांधून त्या कशाबशा खाली आल्या. दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या तेव्हा मनगटाला क्रेप बँडेज होतं आणि पिशवीत बूट, सुटलेला सोल वेगळा. त्या चिडलेल्या होत्या. महिपतींनी या दिवसासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. हे घाईत करायचं काम न्हाई, असं ते वाक्य. ते बोलायची वेळ कधी येते याची महिपती वाट बघत होते.

स्नेहलनं सोल उलटा केला. त्याला पिवळ्या फोमचा अखंड पापुद्रा चिकटलेला होता. म्हणजे तिचं चिकटवणं सुटलं नव्हतं, फोम फाटला होता. तिनं न सुटलेला डावा बूट घेतला, टाचेजवळ अंगठा रोवला आणि या वेळी तो लगेच उचलला नाही. उचलला तेव्हा खळगा तसाच राहिला. तिनं खळग्याकडे पाहिलं, मग महिपतींकडे. महिपती दोऱ्याची रिळं नीट लावू लागले.

"चूक माझी आहे, मॅडम," स्नेहल म्हणाली. "आतला फोम कुजलेला होता. घेतानाच बघायला हवं होतं. दोन्ही बूट नवा फोम घालून करून देते."

भांडायला आलेल्या इरावतींचा आवाज उतरला. त्या महिपतींकडे वळून म्हणाल्या, "आबा, नशीबवान आहात. चूक इतकी सरळ कबूल करणारं माणूस आमच्या शाळेत मला अजून भेटलेलं नाही."

महिपतींनी सगळ्याची तयारी केली होती, याची नाही. सोल सुटला, बाई पडल्या, दुकानाचं नाव गेलं, आणि तरी कौतुक तिचंच. तेही न केलेल्या चुकीचं.

"तिची चूक न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय. मी दाबून बघितलं व्हतं. मला ठावं व्हतं."

एवढं बोलून ते थांबले. तसाच कौतुकाचा एखादा शब्द आपल्या वाट्याला येईल, असं त्यांना वाटत होतं. आला नाही.

"माहीत होतं, आणि तरी मला घालू दिलेत?" इरावतींनी विचारलं.

"तुमी तिला दिलं व्हतं ना," महिपती म्हणाले.

स्नेहल सासऱ्यांना मामा म्हणते. ती आवाज न चढवता बोलली. "शिकवायचं नव्हतं तर नसतं शिकवलं, मामा. पर मी रोज अंगठा दाबत व्हते, ठीक हाय म्हनत व्हते, आन् तुमी बगत बसला व्हता."

इरावती बूट तिथंच ठेवून गेल्या. ग्रुपच्या बुटांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून स्नेहल दुकानात आली नाही. घरच्या मशीनवर ती पुन्हा ब्लाउज शिवू लागली. महिपतींचं ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. गिऱ्हाईक यायचं, ताईंची चौकशी करायचं आणि बूट घेऊन परत जायचं. महिपती आता दुकानात एकटेच होते आणि "आहेत का" या प्रश्नाला त्यांना दिवसभर "न्हाई" म्हणावं लागत होतं. झुंबरबाई म्हणाल्या, "आता तुमच्या वाटंत कोन न्हाई. करा की काम."

ते करायला बसले. इरावतींच्या दोन्ही बुटांचा कुजका फोम त्यांनी खरवडून काढला, नव्या फोमची शीट टाचेला जाड आणि बोटांकडे पातळ अशी तासून बसवली, सोल चिकटवला. मग शिलाई धरली. टाके वाकडे पडले. उसवून परत घातले, परत वाकडे. संध्याकाळी ते बूट घरी घेऊन आले आणि मशीनशेजारी ठेवले.

फोम कसा ओळखायचा, कुठल्या बुटात कुजतो, कुठल्यात नाही, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्याच तिला सांगितलं. ती ब्लाउजवरची नजर न काढता ऐकत होती.

"अजून काय काय सांगितलं न्हाई?" तिनं विचारलं.

महिपतींनी विचार केला. "लय हाय," ते म्हणाले.

"मंग सगळं सांगत असाल तर येते. न्हाईतर हितं बरी हाय."

ती दुकानात परत गेली आणि त्या बुटांची शिलाई तिनंच केली. इरावतींनी बूट नेले, पुढच्या उतरणीवर ते टिकले आणि मग ग्रुपमधले काही जण आपले बूट घेऊन आले. सगळे आले नाहीत. आले ते स्नेहललाच विचारत आले.

महिपती आता शिकवतात, पण हात राखून. बुटाच्या तळव्यात पोलादी पट्टी कुठवर असते ते सांगतील, ती कशी बदलायची ते दुसऱ्या दिवशी. स्नेहलला हे कळतं. ती दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारते. हल्ली ते तिला अपर फर्म्यावर ओढायला शिकवत आहेत. कारखाना इथून हलताना घेऊन ठेवलेले काही फर्मे त्यांच्याकडे आहेत. पहिल्या बुटाला नाकावर ठसठशीत सुरकुती आली. त्या रात्री महिपती दोन भाकऱ्या जास्त जेवले, असं झुंबरबाई सांगतात. दुसऱ्याला सुरकुती आली, पण बारीक.

तिसऱ्याला आली नाही. महिपतींनी चष्मा पुसला, बूट दारात नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला, नाकावरून नख फिरवलं. काही सापडलं नाही. बूट तिच्यासमोर ठेवून ते कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. चहावाल्यानं विचारलं, दुकान सोडून आलात, कोण बघतंय?

"हाय ती," महिपती म्हणाले, आणि पहिला संपायच्या आत दुसरा चहा सांगितला.