जावळीच्या राईतली शेकरूंची रास

खारी मोजायला कुणी सांगलीहून जावळीच्या खोऱ्यात जातं का? आम्ही गेलो. मुंबईच्या एका निसर्गप्रेमी मंडळानं हौशी निरीक्षक मागवले. आमचे हे शाळामास्तर, त्यांनी लगेच नाव दिलं आणि माझंही घातलं. पट्टेवाल्या खारी कृष्णेच्या घाटावरच मोजून झाल्या. राहिलं शेकरू, शेंड्यावर राहणारी तांबडी, मांजराएवढी खार. त्यासाठी साताऱ्यापलीकडे जाणं आलं.

मिरजेहून सकाळची गाडी धरा, सातारा रोडला उतरा, तिथून मोटारीनं सातारा गाठा. वाटेत फलाटावरची भजी खाऊ नका. मी खाल्ली आणि भोगली. साताऱ्याहून मेढ्याला सर्व्हिस मोटार आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलीय. चढ आला की सगळ्यांनी खाली उतरायचं. मेढ्यापुढं पायी. घोंगडी न्याच, थंडी मरणाची असते.

गावात पोचलो तेव्हा खळ्यावर भाताची रास मोजणं चाललं होतं. मोजत होते दगडूबा गुरव, गावच्या देवराईतल्या देवाचे पुजारी. आम्ही त्यांच्याकडेच उतरणार होतो. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणाले नाहीत, 'लाभ' म्हणाले. मग दोन, तीन. रास मोजून संपेपर्यंत खळ्यातला दाणा हलवत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, सोनाकाकूंनी, मला नाचणीची भाकरी वाढताना सांगितलं.

आणि त्याच पंगतीत कळलं की राई तुटणार आहे. मोटारींच्या भट्ट्यांना कोळसा हवा. ठेकेदार बदल्यात देवळावर कौलं घालून देणार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावानं बैठकीत होकार द्यायचा. दगडूबाही तयार होते. शेकरू त्यांनी म्हणे पोरपणी पाहिलेलं, आता कुठलं राहिलंय! मी हातातली भाकरी ताटात ठेवली. आपण त्याच भट्टीच्या जिवावर इथवर आलो होतो.

सकाळी दगडूबांबरोबर चपला बाहेर काढून राईत शिरलो. झाडाझाडावर नुसती घरटी. हे म्हणाले, घरटीच मोजू. मी म्हटलं, एक शेकरू चार-चार घरटी बांधतं, रिकाम्या घरांवरून कुणी माणसं मोजतं का? हे फुगून बसले. ऊन चढलं, मान मोडायची वेळ आली, आणि मला खरंच रडू फुटणार होतं, तेवढ्यात उंबराची फांदी हलली.

झुपकेदार शेपटी खाली सोडून ते निवांत फळ खात होतं. इतकं देखणं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. दगडूबांचा हात पागोट्याकडे गेला.

"लाभ," ते हळूच म्हणाले.

पलीकडच्या फांदीवर आणखी एक, दोन. तिच्याआड पिल्लू, तीन. हे उत्साहानं पुढं निघाले, तर दगडूबांनी त्यांचा दंड धरला.

"बास, मास्तर. आज हितंच थांबायचं."

अर्धी राई बाकी होती. ह्यांनी हुज्जत घातली, पण ते ऐकेनात. मलाही तेव्हा उमगलं नाही.

उमगलं बैठकीत. ठेकेदार ऐटीत बसला होता. दगडूबा उठले.

"राईतली रास मोजाय घेतलीया. लाभ म्हणून झालंय. मोजून सरल्याबिगर तितली काडी हलायची न्हाई."

मोजणी सरणार कधी, असं ठेकेदारानं विचारलं.

"मास्तर दरसाल येत्याल. बगू कवा सरती ती."

कुणी हसलं नाही. कुणी विरोधही केला नाही. देवळाचं काय, तर सोनाकाकू म्हणाल्या, आजवर गवतानं शाकारलं, यंदाही शाकारू. ठेकेदार चहा न घेता गेला.

परतीला तीच मोटार, दुसरी सोय नाही. चढ आला तशी सगळ्यांच्या आधी मीच उतरले.

घरी आल्यावर मंडळाला आकडा कळवायचा होता. हे लेखणी घेऊन अडून बसले. तीन लिहावं तर खोटं, जास्त लिहावं तर पाहिलेली नाहीत. खिडकीबाहेर लिंबावर आपली रोजची खार चिरचिरत होती.

मी म्हटलं, "लिहा, मोजणी चालू आहे."