कोट उसवला आणि एक मे विसरले

तीस एप्रिलची सकाळ. माणगावला माझ्या दुकानात, कटिंगच्या टेबलावर, दिवेआगरच्या आजोबांचा खाकी कोट पडला होता... कोट कसला, त्याचे तुकडे. आणि फोनवर शैलाकाकू सहज म्हणत होत्या, "मामंजींचा कोट आज पाठव हं. उद्या झेंडावंदन हाय ना."



नवीन मंडळींसाठी सांगते, मी जुन्या धाटणीचे पुरुषांचे कपडे शिवते. गिरणी कामगारांची जाड जॅकेटं, फौजी शर्ट, कमरेला चुण्या असलेल्या ढगळ पँटी... पुण्या-मुंबईची पोरं इन्स्टावर बघून मागवतात. त्यांच्या आजोबांनी जे घालून घाम गाळला ते ही पोरं हौसेने घालतात, आणि माझं घर चालतं.

शैलाकाकूंचा दिवेआगरला होमस्टे आहे. मार्चमध्ये तिथे राहिले तेव्हा खुंटीला त्यांच्या सासऱ्यांचा फौजेतला कोट दिसला. जाड सुती कापड, पितळी बटणं, आणि खांद्याचा असा कट की माझा जीवच अडकला त्यात. आजोबा आतल्या खोलीत आजारी होते, त्यांना मी पाहिलंही नाही. कोटावरून मात्र माणूस धिप्पाड असणार हे कळत होतं.

पॅटर्न काढायला म्हणून कोट मागून आणला. आजोबा तो फक्त झेंडावंदनाला घालतात, असं काकू म्हणाल्या होत्या. मी मनात म्हटलं, सव्वीस जानेवारी होऊन गेली, आता थेट पंधरा ऑगस्ट. महाराष्ट्रात जन्मले, दर एक मेला शाळेत जाऊन निकाल आणला... आणि महाराष्ट्र दिनच विसरले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

बरं, जुन्या कोटाचा खरा कट वरून कळत नाही. शिवणी उसवून, तुकडे सपाट पसरून कागदावर उतरवावे लागतात. उसवू का, हे मी काकूंना विचारलं नव्हतं. परत शिवून देऊ, कोणाला कळतंय...

फोनवर खरं सांगायला तोंड उघडलं, पण काकू पुढे बोलतच होत्या. दिवाळीपासून आजोबा अंथरुणाला खिळलेले, सव्वीस जानेवारी हुकली, आत्ता कुठे काठी घेऊन चालू लागलेत. यंदा शाळेने झेंड्याची दोरी ओढायचा मान त्यांना दिलाय. कोटाशिवाय जायचं नाही म्हणून हटून बसलेत.

मी म्हटलं, उद्या सकाळी स्वतः घेऊन येते. फोन ठेवला आणि हुसेनमास्तरांना हाक मारली.

मास्तर माझ्याकडे शिवायला आहेत. त्यांनी तुकडे हातात घेतले, कडा चिमटीत धरून बघितल्या आणि परत टेबलावर ठेवले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कापड इतकं जुनं की उसवताना कडांचे धागे सुटले होते. जुन्या जागी टाका घातला की फाटत होतं. "आत घ्यायला लागंल," मास्तर म्हणाले. आत घ्यायचं म्हणजे कोट लहान होणार. दुसरा इलाज आहे का, विचारलं. "न्हाय."

त्यात दुपारी लाइट गेली. मास्तरांनी पायाचं मशीन ओढलं, मी बाह्या हाताने लावत बसले. कापडावर घाम पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल, आणि डोक्यात नुसते नको ते विचार.

संध्याकाळी कोट हँगरला लागला. दिसायला अगदी तोच... पण टेप लावली. छातीला चांगला चार बोटं कमी भरला.

सकाळी उजाडायच्या आत गाडी काढली. म्हसळ्याच्या रस्त्याला सगळा वेळ एकच... बटण लागलंच नाही तर? लागलं, आणि दोरी ओढताना काखेत उसवलं तर? भर शाळेसमोर?

आजोबा अंगणात खुर्चीवर तयार बसले होते, दाढी घोटून, केसांना तेल लावून. काकूंनी कोट धरला, त्यांनी हात घातले. बटणं मात्र स्वतःच लावणार. पहिलं लागलं... दुसरं... शेवटचंही लागलं.

कोट अंगावर बसला. आत्ताच माप घेऊन शिवल्यासारखा. काकू बघतच राहिल्या... "गेल्या ऑगस्टात नुसता लटकत व्हता गो."

शाळेत मी झेंड्याकडे बघितलंच नाही. माझी नजर त्यांच्या काखेतल्या शिवणीवर. त्यांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, हात सलामीला गेला... शिवण टिकली. तेव्हा कुठे मी राष्ट्रगीतात सामील झाले, तेही अर्ध्यातून.

घरी परतताना आजोबांनी माझा खांदा धरला होता. काकू पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "उसवलास ना कोट? टाका नवा हाय."

मी मान खाली घातली. आता बोलणी खायची तयारी ठेवली.

"बरा केलास. सून दोन वर्सं मागं लागली व्हती, आत घेऊन आनते म्हनून. मीच न्हाय म्हनायचो. कोट आत घेतला म्हंजे मी कमी झालो, ते कबूल करायला लागला असता... तू न इचारता केलास, सुटलो."

मला रडू आलं. चार बोटांचं माझं रात्रभराचं टेन्शन, आणि ती चार बोटं हा माणूस दोन वर्षं एकटा सोसत होता.

उसवलेल्या तुकड्यांवरून काढलेला कागद दुकानात आहे, मूळ मापाचा. तसे कोट शिवून विकले तर चालेल का... या वेळी मात्र विचारलं.

आजोबांनी कोटाच्या छातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शीव. पन छाती जुनीच ठेव."