अक्कांचं मध्यंतर

सकाळी फोन वाजला आणि त्यावर अक्कांचं नाव दिसलं. मी चहा गाळत होते. गाळणं तसंच ठेवून फोन उचलला आणि म्हटलं, "चुकलं ना माझं? सांगा आता." पलीकडून आवाज आला तो अक्कांच्या शेजारच्या पद्माचा. तिच्या घरी तेलुगू बोलतात, आणि घाबरली की तिचं मराठी हरवतं. "अक्का उठंना झाल्यात... तुमी या," एवढंच ती म्हणाली. आदल्या दिवशी दिवेलागणीला याच फोनवरून अक्कांनी मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर बरोबर की चूक, हे त्या सकाळी सांगणार होत्या.

अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. माझ्या नणंद. घराणं मूळचं कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं, पण अक्कांचं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं, टेलिफोन ऑफिसात, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे फोन जोडण्यात. लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही. नणंद-भावजयींचं कसं असतं ते सांगायची गरज नाही. माझ्या आईनं तर लग्नाआधीच मला बजावलं होतं की थोरल्या नणंदेपुढे तोंड उघडू नकोस. पण ही नणंद लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी म्हणाली, "सुमन, लुगडं बदल. सिनेमाला जायचंय." सासूबाई कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. अक्कांनीही कन्नडमध्येच काहीतरी ऐकवलं, आणि आम्ही निघालो.

तेव्हा रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. मला ओ की ठो कळायचं नाही. अक्कांना तरी किती कळायचं कोण जाणे, पण त्या पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बघायच्या. इंग्रजी सिनेमाला मुळात मध्यंतर नसतंच, त्यामुळे थिएटरवाला मनाला येईल तिथं कापायचा, कधी तर नटीचं तोंड अर्धवट उघडं असताना. दिवे लागले की खाऱ्या शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे करून अक्का विचारायच्या, "पुढं काय हुईल?" मी काहीतरी सांगायचे, ते हमखास चुकायचं. आणि शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली, लोक उठले, खुर्च्या धाडधाड मिटल्या, तरी अक्का जागच्या हलायच्या नाहीत. एवढ्या लोकांनी राबून केलंय, त्यांची नावं तरी बघावीत, असं त्यांचं म्हणणं. माझा जीव घरच्या भाकऱ्यांत. एकदा मी पदर ओढला तेव्हा म्हणाल्या, "तुला घरी वाट बघणारं हाय. तू हो पुढं. मी बसते की." त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या, साधंच म्हणाल्या. मी खरंच पुढं निघून आले.

थिएटरं एकेक करून बंद पडली. अक्का निवृत्त झाल्या, हे गेले, माझा मुलगा कॅनडात स्थिरावला. जाताना त्यानं आत्याला मोठा टीव्ही घेऊन दिला आणि जगातले सिनेमे कसे लावायचे ते शिकवलं. झालं. अक्का भाड्याच्या दोन खोल्यांत बसून जग फिरू लागल्या. मला खालची पळती अक्षरं वाचायला जमत नाहीत, डोळे दुखतात. म्हणून अक्कांनी फोनवर मध्यंतर सुरू केलं. सिनेमा बरोबर अर्ध्यावर थांबवायचा, चहा टाकायचा, मला फोन लावायचा, तोवरची गोष्ट सांगायची आणि विचारायचं, पुढं काय हुईल? निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. सांगायला हरकत नाही, माझा दिवस त्या दोन फोनांच्या मध्ये बसवलेला असायचा.

मतं तर काय, विचारू नका. जपानी सिनेमे त्यांना माहेरच्यासारखे वाटायचे. "दारात चपला काढत्यात, खाली बसून जेवत्यात. आपलीच माणसं, निस्ती बोलत न्हाईत." फ्रेंच लोक उलट बोलून बोलून चहा गार करतात, त्यांना कामधंदा नसावा. इराणच्या सिनेमात आपल्यासारखं ऊन आणि आपल्यासारखीच धूळ, म्हणून तो बघताना पंखा वाढवावा लागतो. कोरियातले लोक खून फार करतात, पण जेवतात मात्र मनापासून, आणि मनापासून जेवणाऱ्या माणसाचा राग धरता येत नाही. अमेरिकेतले वीर सगळं जग वाचवतात, पण त्यांच्यातल्या एकालाही कधी घरून फोन येत नाही की जेवायला कधी येतोस. गुप्तहेरांच्या सिनेमांवर तर त्यांचा रागच होता. शेवटी सगळं कळतं म्हणजे काय? खऱ्यात कुणाला काय कळतं? आणि रडायचं असेल तर कन्नड सिनेमा. इतर भाषांत त्यांना रडू यायचं नाही. आईच्या भाषेतच ते यायचं.

भुताचे सिनेमे त्या एकट्या बघायच्या. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? "कशाची?" त्या म्हणाल्या. "ह्या दारातनं कोण येतंय? भूत आलं तर बस म्हणेन, च्या टाकेन." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या स्वतःच्या दाराकडे किती तरी वेळ बघत बसले होते.

आणि माझे अंदाज... पळून गेलेला मुलगा परत येईल, रुसलेली बायको परत येईल, लढाईवर गेलेला नवरा परत येईल. हे एवढंच मला सुचायचं. अक्का म्हणायच्या, "तुझ्या सिनेमात सगळे परत येत्यात बघ. लई सरळ हायस तू."

त्या शेवटच्या संध्याकाळी सिनेमा पोर्तुगालकडचा होता. समुद्रकाठी एक बाई खानावळ चालवते, "आपल्याच वयाची हाय." एक पाहुणा काही दिवस राहतो, फार बोलत नाही, पण तिच्या हातचं आवडीनं खातो. एका सकाळी निघून जातो आणि कोट तिथंच विसरतो. बाई कोट धुते, तुटलेलं बटण लावते, दाराशी टांगून ठेवते. इथं अक्कांनी मध्यंतर केलं होतं. "सांग, येतो का न्हाई कोट न्यायला?"

त्या दिवशी मुलाचा फोन येऊन गेला होता. यंदाही जमणार नाही म्हणाला होता. मी म्हटलं, "नाही येणार."

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "असं नगं म्हणू सुमन. ह्या टायमाला येऊ दे की." आणि फोन ठेवता ठेवता, "जरा पडते आता, अंग जड झालंय. मग बघते. उद्या सांगते तुला."

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात आणि बसवूनच माती देतात. अक्कांच्या कपाळाला विभूती लावली होती, गळ्यात हार होते, पाठ भिंतीला टेकवून ताठ केली होती. लोक भजन म्हणत होते. त्यांच्या मांडीवरचे हात बघून मला वाटलं, आता थिएटरातले दिवे मालवतील. मुलगा मोबाइलवरून सगळं बघत होता. फोन पद्मानं धरला होता.

महिनाअखेर खोल्या सोडायच्या होत्या. आवराआवर करायला मी एकटीच गेले. भांडी पद्माला दिली, लुगडी बांधली. टीव्ही तेवढा राहिला. तो लावला तर वरच तो सिनेमा, खाली अर्ध्यापर्यंत आलेली लाल रेघ. अक्कांची खुर्ची पुढे ओढून मी बसले आणि बटण दाबलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ती बाई आमच्या वयाची नव्हतीच. चाळिशीची असेल, केस काळे. अक्कांनी तिला सत्तरीला आणून ठेवलं होतं. खालची अक्षरं पळत होती, मी ती वाचायचा प्रयत्नही केला नाही. पावसाळा आला, गिऱ्हाइकं आली आणि गेली, दार कितीदा तरी उघडलं. दर वेळी मी खुर्चीत पुढे सरकत होते. अक्कांनी सांगितलं होतं ना, ह्या टायमाला येऊ दे. मी नव्हतं येऊ दिलं, पण आता मलाही तेच हवं होतं. तो आला नाही. एका गार सकाळी बाईनं तो कोट खाली काढला, स्वतःच्या अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि पाव आणायला निघून गेली.

"बरोबर आलं माझं, अक्का," मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या वर्षांत बरोबर यावं म्हणून मी किती धडपडले होते, आणि आलं ते हे. भिंतीपलीकडे पद्माची मुलं तेलुगूत भांडत होती. मला रडू आलं, मराठीतच.

पडद्यावर नावं सरकू लागली. परकी, लांबलचक, एकही वाचता न येणारी नावं. बंद करायला मी हात उचलला आणि तो तसाच मांडीवर ठेवला. भाकऱ्या टाकायच्या नव्हत्या. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पाठ ताठ करून मी बसून राहिले, शेवटचं नाव जाईपर्यंत.